नदीपात्रातील वाळूपट्ट्या, बेटे आणि मळई : कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा काठासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरून नदी पात्रात परतली, की चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या पट्ट्यातील गावांत दरवर्षी तेच प्रश्न निघतात : गेल्या वर्षी नसलेली वाळू या वर्षी कुठून आली, होती ती कुठे गेली, आणि जी नव्याने वर आली ती जमीन कोणाची. खाली त्यांची उत्तरे दिली आहेत. बहुतेक उदाहरणे बेळगाव जिल्ह्यातील आणि लगतच्या शिरोळ भागातील आहेत, कारण नदी तालुक्याची किंवा राज्याची हद्द पाहून वाळू टाकत नाही.

वाळूपट्टी म्हणजे नेमके काय, आणि तिला बेट म्हणावे का?

वाहत्या पाण्याचा वेग कमी झाला, की जे ओझे त्याला पुढे नेता येत नाही ते ते तळाशी टाकते. अशा ओझ्याचा पात्रातच साचलेला आणि पाणी उतरल्यावर उघडा पडणारा उंचवटा म्हणजे वाळूपट्टी. शालेय भूगोलात 'वाळूचा दांडा' हा शब्द येतो, पण तो मुख्यतः समुद्रकिनाऱ्यासाठी वापरला जातो. नदीकाठी लोक नुसते 'वाळू' म्हणतात किंवा, पंढरपूरची वारी अंगवळणी पडलेली असल्यामुळे, 'वाळवंट' म्हणतात. त्याचा राजस्थानशी काही संबंध नाही. कन्नड बोलणारे शेजारी वाळूला 'मरळु' आणि पात्रातल्या बेटाला 'नडुगड्डे' म्हणतात. हे शब्द आपल्याकडच्या मराठी घरांतही सहज ऐकू येतात.

बेट आणि वाळूपट्टी यांत फरक टिकाऊपणाचा आहे. साध्या पुरात जी बुडत नाही, जिच्यावर बाभूळ, करंज, वाळुंज यांची मोठी झाडे आहेत आणि जिची जागा दोन पिढ्यांना ठाऊक आहे, तिला बेट म्हणावे. जी दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि दर वेळी थोडी निराळी होऊन वर येते, ती वाळूपट्टी. मधली अवस्थाही असते : आधी लव्हाळा आणि पाणकणीस उगवते, मग बेशरम शिरते, त्यांच्या मुळांशी पुढच्या पुराचा गाळ अडकतो आणि काही वर्षांत पट्टी बेटाच्या वाटेला लागते. एक मोठा पूर आला की ही सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

वाळू आणि गाळ यांत मोजमापाचा फरक कोणता?

कणाचा व्यास २ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती खडी किंवा गोटे, २ ते साधारण ०.०६ मिलिमीटरपर्यंत वाळू, त्याखाली ०.००४ मिलिमीटरपर्यंत गाळ आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. बोटांच्या चिमटीत कण वेगळे टोचले तर वाळू. पिठासारखे लागले आणि ओले केल्यावर चिकटले नाही तर गाळ. बोटाला लेप बसला तर चिकणमाती. काठावर उभे राहून एवढी परीक्षा पुरेशी होते.

वळणावर वाळू नेहमी आतल्याच बाजूला का साठते?

वळणावर पाण्याचा वरचा थर वेगवान असतो, तो बाहेरच्या काठाकडे फेकला जातो आणि तिथे साचून पातळी किंचित चढवतो. तळाशी असलेले पाणी घर्षणामुळे मंद असते. बाहेरच्या बाजूच्या त्या दाबाने ते तळाला घासत आतल्या काठाकडे सरकते आणि वाटेतली वाळू ओढून आणते. त्यामुळे बाहेरचा काठ खचत राहतो, तिथे डोह पडतो, आणि आतल्या बाजूला उतरती वाळूपट्टी वाढत जाते.

हे घरी पाहता येते. न गाळलेला चहा कपात चमच्याने गोल ढवळून चमचा बाहेर काढावा. फिरणाऱ्या पाण्यात जड पत्ती कडेला जाईल अशी आपली अपेक्षा असते, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. अल्बर्ट आईन्स्टाईन यांनी १९२६ साली नद्यांच्या वळणांवर लिहिलेल्या एका छोट्या लेखात हेच उदाहरण घेतले होते. नदीचे वळण म्हणजे त्या कपाचा एक तुकडा समजावा आणि कपाचा मध्य म्हणजे वळणाची आतली बाजू.

आपल्या भागात याचे मोठे रूप पाहायचे असेल, तर खिद्रापूरचा नकाशा पाहावा. कोपेश्वर मंदिराच्या या गावाला कृष्णेने तिन्ही बाजूंनी वेढले आहे, आणि समोरच्या काठावर आपल्या बाजूची जुगूळसारखी गावे आहेत. अशा वळणावर एका काठाची जमीन खचते तेव्हा समोरच्या किंवा खालच्या अंगाच्या कुठल्यातरी काठाला भर पडत असते, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

कृष्णेला वाळू कमी आणि गाळ जास्त, पण गोकाकच्या पुढे घटप्रभेत वाळू चांगली, असे का?

नदी जो खडक झिजवते त्याचीच वाळू तिच्याजवळ असते. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि आपल्यापर्यंत येईतो बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या प्रदेशातूनच वाहते. वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा या तिच्या उपनद्यांचेही तसेच आहे. बेसाल्टमध्ये गारेचे कण जवळजवळ नसतात. तो कुजला की त्याची काळी चिकणमाती होते. म्हणून चिकोडी-अथणी भागातली कृष्णेची वाळू काळसर दिसते, तिच्यात गाळ मिसळलेला असतो, आणि खडीत अधूनमधून अकीक व पांढऱ्या गारगोट्या सापडतात, ज्या लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या असतात.

घटप्रभेची सुरुवातही बेसाल्टमध्येच होते, पण गोकाकला ती वालुकाश्म आणि गारेच्या खडकांच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. या खडकसमूहाला भूवैज्ञानिक 'कलादगी' म्हणतात, बागलकोट जिल्ह्यातील कलादगी गावावरून. मलप्रभाही सौंदत्तीच्या बाजूला याच खडकांतून जाते. वालुकाश्म म्हणजे मुळात घट्ट झालेली जुनी वाळूच असल्याने तो झिजला की पुन्हा वाळू मोकळी होते, तीही फिकट, खरखरीत आणि गिलाव्याला चालणारी. गवंडी कोणत्या नदीची वाळू मागतो यामागे हा खडकांचा फरक आहे.

संगमाच्या ठिकाणी वाळू का वाढते?

दोन प्रवाह एकमेकांना भिडले, की जोराचा प्रवाह दुबळ्याला अडवून धरतो. भोज-बारवाडजवळ वेदगंगा दूधगंगेला मिळते, पुढे कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते, आणि त्याच्या वर नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेत आलेली असते. कृष्णा फुगलेली असताना उपनदीचे पाणी मागे तुंबते, तिचा वेग मोडतो आणि ओझे मुखाशीच बसते. दोन प्रवाहांच्या मधल्या संथ कोनात तर ते हमखास बसते. नेमका कोणत्या नदीला आधी पूर आला यावर त्या वर्षीच्या पट्टीचा आकार ठरतो, त्यामुळे संगमावरची वाळू दोन सलग वर्षे सारखी दिसली तर तेच नवल मानावे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे वाळूपट्ट्या वाढतात का?

काही प्रमाणात वाढतात, पण बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, केव्हा काढले जातात यावर बरेच अवलंबून आहे. कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर, दूधगंगेवरचे कारदगा-भोज आणि मलिकवाड-दत्तवाड, वेदगंगेवरचे जत्राट-भिवशी आणि अक्कोळ-सिदनाळ, हे सारे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि बातम्यांत येतात. त्यांची मूळ कल्पना अशी, की पावसाळा संपल्यावर खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून पात्र मोकळे करायचे. बरगे वेळेत निघाले तर जून-जुलैच्या पहिल्या लोंढ्याबरोबर तळाची वाळू व गाळ खांबांमधून पुढे निघून जातो. ते राहिले, किंवा झाडाझुडपांचा केरकचरा खांबांत अडकला, तर वरच्या अंगाला गाळाची पायरी तयार होते. खालच्या अंगाला मात्र उलटे घडते : बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खड्डा पाडते आणि उकरलेले थोडे पुढे टाकते. बंधाऱ्याखाली शंभर-दोनशे पावलांवर दिसणारा उंचवटा बहुधा या उकरलेल्या मालाचा असतो.

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे त्याच्यामागे तुंबून वरपर्यंत चढणाऱ्या पाण्याचा, वाळू साठण्याशी संबंध आहे का?

कोणत्याही जलाशयाच्या शेपटाशी, म्हणजे वाहती नदी जिथे स्थिर पाण्यात शिरते तिथे, जाड माल आधी बसतो आणि बारीक गाळ धरणाच्या भिंतीपर्यंत जातो. हा नियम अलमट्टीला, त्याच्या वरच्या हिप्परगी बंधाऱ्याला आणि घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयालाही लागू आहे. अलमट्टीची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० साली ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास संमती दिली आणि त्यावरून दोन राज्यांत वाद चालू आहे. सांगली-कोल्हापूरच्या पुराचा दोष कोणाकडे किती, याचा निवाडा या पानावर होणार नाही. फुगवटा जिथवर पोहोचतो तिथवर गाळ बसण्याची जागा वर सरकते, एवढे मात्र नदीशास्त्राच्या साध्या नियमाने म्हणता येते.

वाळूपट्टीत खणले तर काय दिसते?

पट्टीचा इतिहास दिसतो. मे महिन्यात यडूरच्या खालच्या अंगाला उघड्या पडलेल्या पट्टीवर आम्ही हातभर खोल खड्डा घेतला होता. वरची चार बोटे कोरडी, बारीक, मुठीतून निसटणारी वाळू. तिच्याखाली काळ्या गाळाचा पापुद्रा, वाळून तडकलेला आणि पापडासारखा उचलता येणारा. त्याखाली पुन्हा जाड वाळू. तिच्यात शिंपले, झिजून गोल झालेला विटेचा तुकडा आणि उसाचे कुजलेले पाचट. त्याखाली दुसरा काळा पापुद्रा, आणि कोपरापर्यंत हात गेला तेव्हा ओल लागून खड्ड्याच्या तळाशी हळूहळू गार पाणी जमू लागले.

याचा उलगडा खालून वर करावा. पूर जोरात असताना जाड वाळू बसते, पूर ओसरताना बारीक, आणि पाणी अगदी थांबल्यावर त्यातला काळा गाळ वर साय धरावी तसा बसतो. म्हणजे जाड थर आणि त्यावरचा काळा पापुद्रा मिळून एक पूर. सर्वांत वरची भुरभुरीत वाळू वाऱ्याने आणलेली असू शकते. खड्ड्यात आलेले पाणी हाही मुद्द्याचा भाग आहे : वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साठते, आणि नदी आटल्यावर लोक झिरा खणून जे पाणी काढतात ते याच साठ्याचे.

नदीचा काठ आमच्या शेतापेक्षा उंच का आहे? पाणी तर खालून वर चढत नाही.

पुराचे पाणी काठावरून बाहेर पडते त्या क्षणी पसरते, उथळ होते आणि मंदावते. त्यामुळे जाड माल काठालगतच पडतो आणि बारीक गाळ आत दूरवर जातो. शेकडो पुरांनंतर काठाशी एक लांबट, दिसेल न दिसेल असा बांध तयार होतो आणि त्याच्या मागे काळ्या जमिनीचा सखल पट्टा राहतो. जुनी गावठाणे, देवळे आणि वाटा पुष्कळ ठिकाणी या उंचवट्यावर आहेत. मात्र याचा एक त्रास आहे, जो २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत अनेकांनी भोगला : नदी उतरली तरी मागच्या सखल शेतातले पाणी या बांधामुळे लवकर निघत नाही आणि ऊस उभ्याउभ्या कुजतो. तिथे ओढ्याचे तोंड मोकळे ठेवणे हाच उपाय. काठ फोडून चर काढला तर पुढच्या पुराला ती शेतात शिरायची तयार वाट मिळते.

मळईच्या, म्हणजे पुराने आणलेल्या गाळाच्या, जमिनीवर शेती करता येते का? ती जमीन कोणाची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्पिढ्यांचे आहे. पाणी उतरल्यावर ओलीवर काकडी, कलिंगड, दोडका, भाजीपाला घेण्याची रीत जुनी आहे, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव तर दूरवर आहे. पुराच्या गाळात अन्नद्रव्ये असतात, ओल खालून मिळते, तण कमी असते. अशा ठिकाणी हंगामी पीकच घ्यावे. पाइपलाइन, पक्की विहीर किंवा फळबाग यांवर तिथे खर्च करणे म्हणजे नदीच्या घरात आपले सामान ठेवणे आहे.

दुसऱ्या प्रश्नावर गैरसमज फार आहेत. नदीपात्र सरकारी आहे. पात्रात नवी पट्टी वर आली म्हणून ती लगतच्या खातेदाराची आपोआप होत नाही, आणि काठ खचला म्हणून समोरच्या काठावर तेवढी जमीन मागता येत नाही. आपल्या पहाणीवरचे (सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावरचे) क्षेत्र आणि प्रत्यक्ष क्षेत्र यांत फरक पडला असेल, तर भूमापन खात्याकडे मोजणीचा अर्ज करून तहसील कार्यालयात नोंद करून घ्यावी. जिथे नदी हीच दोन राज्यांची हद्द आहे तिथे तर तोंडी समजुतीवर मुळीच विसंबू नये.

पुराने शेतात वाळू टाकली आहे. ती काढावी की नांगरून मिसळावी?

जाडी मोजावी. थर दोन-चार बोटांचा असेल आणि खाली काळी जमीन असेल तर तो नांगरून मिसळल्याने भारी जमिनीचा निचरा उलट सुधारतो. वीतभर किंवा त्याहून जास्त वाळू असेल तर ती काढल्याशिवाय मूळ जमिनीतली ओल आणि खत पिकाला मिळणार नाही. वाळू काढण्यापूर्वी पंचनामा आणि फोटो झालेले असावेत. ती विकायची किंवा बाहेर न्यायची तर परवानगी लागते, कारण वाळू हे गौण खनिज आहे, मग ती स्वतःच्या शेतात पडलेली का असेना.

वाळू दरवर्षी येतेच, मग ती काढल्याने काय बिघडते?

जेवढी येते तेवढीच काढली तर फारसे बिघडत नाही. अडचण अशी, की येणाऱ्या वाळूचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि जाणाऱ्या ट्रकचाही नाही. वरच्या धरणांनी बरीच वाळू आधीच अडवून ठेवली आहे. पात्राचा तळ खाली गेला की काठावरच्या विहिरींची पातळी त्याच्यामागे उतरते, पुलाच्या खांबांचे पाय उघडे पडतात आणि बाहेरचा काठ आणखी उभा होऊन ढासळतो.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. कर्नाटकात त्यासाठी १९९४ चे गौण खनिज सवलत नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. केंद्राच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पात्रातील उत्खननाची खोली ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तेवढीच ठेवण्यास सांगितले आहे, आणि पावसाळ्यात उत्खनन बंद ठेवायचे आहे. हे सगळे कागदावर नीटच आहे. रात्री बारानंतर नदीकाठच्या रस्त्यावर कोणते आवाज येतात हे ज्याचे घर तिथे आहे त्याला विचारावे.

वाळूपट्टीवर चालणे, तिथे पोहायला उतरणे सुरक्षित आहे का?

पट्टीचा काठाकडचा उतार सौम्य असतो, पण डोहाकडची किनार एकदम तुटलेली असू शकते : गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर पाण्यात. वाळू उपसलेले खड्डे तर पाण्याखाली दिसतही नाहीत, आणि त्यांच्या कडा पायाखालून सरकतात. पोहणारे मूल बुडाल्याच्या अनेक घटनांत पोहता येत नव्हते हे कारण नसून पायाखालचा तळ गेला हे कारण असते. वरच्या धरणातून विसर्ग वाढल्याचे समजले, की पट्टीवरची जनावरे, मोटारी आणि माणसे आधी हलवावीत. आपल्याकडे ऊन पडले आहे म्हणून थांबू नये, कारण पाऊस घाटमाथ्यावर पडलेला असतो.

मगरींचाही विचार करावा. कृष्णेच्या या पट्ट्यात त्या आहेत आणि हिवाळ्यात ऊन खायला वाळूवरच येतात. फेब्रुवारी ते मे या काळात नदी सुरय, टिटवी, कंठेरी चिखल्या हे पक्षी उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. ती खड्यांसारखीच दिसतात, म्हणून पायाखाली पाहून चालावे आणि ट्रॅक्टर पट्टीवर उगाच फिरवू नये.

नदीपासून दूर, उंचावर गोल गोटे आणि वाळूचे थर सापडतात. तेही नदीचेच का?

बहुधा होय. नदी पूर्वी वरच्या पातळीवर वाहत होती आणि नंतर खोल गेली, की तिचे जुने पात्र पायरीसारखे काठावर उरते. गोकाकजवळच्या अशाच गाळात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना नामशेष झालेल्या एका गेंड्याचे जीवाश्म सापडले आणि १८७४ साली त्यांनी त्या जातीला 'डेक्कनेन्सिस' असे नाव दिले. आज घटप्रभेच्या खोऱ्यात गेंडा म्हटला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. विहीर खणताना असे थर लागले तर गोटे फेकण्यापूर्वी एकदा निरखून पाहावेत.

समुद्राजवळच्या वाळूच्या दांड्यांशी आपल्या नद्यांचा काही संबंध आहे?

आपल्या बहुतेक नद्या पूर्वेला जातात, पण खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ पावसाळ्यात वाळूचा बांध तयार होतो. खनिजाच्या बार्जना त्या काळात मुखातून जाता येत नसे, म्हणून त्या कुंभारजुवे कालव्याने जुवारीत जाऊन मुरगाव बंदर गाठत. मालवणजवळचे देवबाग हा दुसरा प्रकार : लाटा किनाऱ्याला तिरक्या आदळतात, वाळू किनाऱ्याने सरकत जाते आणि कर्ली नदीच्या मुखाशी तिचा लांब, अरुंद दांडा तयार होतो, ज्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. नदीत वाळू एका दिशेने जाते. समुद्रात लाटा आणि भरती-ओहोटी ती मागेपुढे फिरवत राहतात. एवढा भेद लक्षात ठेवला तर पुरे.

गावाजवळच्या पट्टीची नोंद कशी ठेवावी?

पुलाचा एखादा ठरावीक खांब, घाटाची ठरावीक पायरी अशी न हलणारी जागा निवडावी आणि तिथून वर्षातून दोनदा, बरगे बसवतात त्या दिवशी आणि काढतात त्या दिवशी, त्याच दिशेने फोटो काढावा. फोटोमागे तारीख आणि त्या दिवशीची पाणीपातळी लिहावी. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरची उपग्रहचित्रे जोडीला ठेवता येतात, पण पावसाळ्यात ढगांमुळे ती उपयोगी पडत नाहीत, आणि नेमका तोच काळ महत्त्वाचा असतो. पुराची खूण देवळाच्या भिंतीवर रंगवण्याची पद्धत अनेक गावांत आहेच. त्याच भिंतीपासून वाळूच्या कडेपर्यंतचे अंतर दर मे महिन्यात टेपने मोजून त्या खुणेखाली लिहिले तरी चालेल.